दे इकडे

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मी बसमध्ये कंडक्टर आहे. दिवसभर "पुढे सरका, दारात उभं राहू नका" असं ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की घरात मीठ मागितलं तरी शेजारीण दचकते. पण आज जे सांगतेय ते ऐकून कुठल्याही थंड डोक्याच्या बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली असती. माझं तर डोकं मुळातच गरम.

गोष्ट आमच्या घरातल्या माणसाची, म्हणजे माझ्या नवऱ्याची आहे. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. नातेवाईक म्हणतात, मीही म्हणते. लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस वाईट नाही. उलट इतका चांगला, की त्यांच्याबद्दल तक्रार केली तर लोक माझ्याकडेच संशयाने बघतात. दारू नाही, सिगारेट नाही, आवाज चढवणं नाही. फक्त एक खोड. दुसऱ्याच्या हातातलं काम त्यांना बघवत नाही. कुणी काही करत असलं की हे शेजारी येऊन उभे राहतात, जरा वेळ कळ काढतात, मग त्यांचे हात शिवशिवायला लागतात आणि तळवा पुढे येतो, "दे इकडे."

मी कांदा चिरतेय, दे इकडे. सुईत दोरा ओवतेय, दे इकडे. बॅगेची चेन अडकली, दे इकडे. एकदा मी ड्युटीवर निघताना माझ्याच बुटाची नाडी बांधत होते, तर हे खाली बसले, मी बांधलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "आता दिवसभर सुटायची नाही," म्हणाले. टाकून बोलले असते तर मी दुप्पट बोलले असते आणि विषय मिटला असता. पण हे प्रेमाने करतात हो! प्रेमाने हातातलं काढून घेणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, ते मला इतक्या वर्षांत जमलं नाही.

कामावरही तेच. त्यांच्या हाताखाली एक मदतनीस टिकला तर शपथ. पोरगा पाना उचलायचा, की यांचा हात पुढे. शेवटचा जो सोडून गेला तो घरी सांगायला आला होता. मी विचारलं, "का रे, शिकवलं नाही का काकांनी?" तर म्हणाला, "शिकवलं की, काकू. मी आता टॉर्च एक नंबर धरतो."

मी बोलले तर मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं. "लिफ्टमध्ये माणसं असतात गं. एक नट ढिला राहिला तर?" बरोबर आहे. लिफ्टमध्ये माणसं असतात. पण कांद्यात कुणी नसतं ना!

तर अशा माणसाने मुलांना काही शिकवायला घ्यावं, ही मुळातच थट्टा. पण घेतलं. क्रीडासंकुलाच्या लिफ्टचं काम यांच्याकडे होतं. तिथल्या मोठ्या हॉलमध्ये गणिताचे एक निवृत्त मास्तर रविवारी सकाळी एकटेच रबरावर उडणारी विमानं उडवायचे. मिस्त्री लिफ्ट सोडून तिथेच बघत उभे राहिले. मग दर रविवारी जायला लागले. पुढे मास्तर मुलाकडे राहायला गेले आणि जाताना सगळं सामान यांच्या हवाली करून गेले. तोवर चार मुलं जमली होती, मग आणखी जमली. झाले मिस्त्रींचे मिस्त्रीकाका.

ही विमानं कशी असतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पहिल्यांदा यांनी घरी आणलं तेव्हा मला वाटलं रिकामाच डबा आणलाय. आत बाल्सा नावाच्या लाकडाच्या काड्या, अगदी उदबत्तीच्या काडीपेक्षा बारीक, त्यांच्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखं प्लास्टिक चिकटवलेलं. दोन्ही बाजूंचा मिळून पंख एकच, काढता-घालता येणारा, हातभर लांब, पण तळहातावर ठेवला तरी काही ठेवलंय असं वाटत नाही. पुढे प्रोपेलर, खाली रबराचं वेटोळं. त्या रबराला ताणून पीळ भरायचा, अडकवायचं आणि हवेत नुसतं सोडून द्यायचं. फेकायचं नाही. मग ते विमान जेवण झाल्यावर शतपावली घालणाऱ्या माणसाच्या चालीने गोल गोल फिरत वर जातं, छताशी रेंगाळतं आणि पीळ उतरेल तसं खाली येतं. जास्तीत जास्त वेळ जे हवेत राहील ते जिंकलं.

आणि ते उडत असताना हॉलमध्ये कुणी हलायचं नाही! छतावरचे पंखे बंद, खिडक्या बंद, दाराच्या फटीत फडकी कोंबलेली. कुणी भरभर चालला तरी त्या वाऱ्याने विमान भिंतीवर जाऊन आदळतं. दार उघडलं तर संपलंच. मी पहिल्यांदा गेले आणि खोकले, तर सगळी पोरं माझ्याकडे खाऊ का गिळू अशा नजरेने बघायला लागली. तेव्हापासून मी तोंडाला रुमाल लावूनच बसते.

पोरं शिकत होती म्हणे. कसलं शिकतात! पोरगं काडीला गोंद लावायचं, मिस्त्री शेजारी उभे. "थेंब मोठा झाला. दे इकडे." प्लास्टिक चढवताना सुरकुती पडली, दे इकडे. पीळ भरताना रबर तुटेल असं वाटलं, दे इकडे. राहिलेलं काम हे घरी घेऊन यायचे आणि जेवणाचं टेबल अडवून पूर्ण करायचे. पुढच्या रविवारी पोरांची विमानं अशी काही उडायची की आईबाप टाळ्या वाजवायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, ही सगळी विमानं एकसारखी दिसतात." तर खूश होऊन म्हणाले, "हो ना! छान तयार झालीत पोरं."

मागच्या वर्षीच्या स्पर्धेत पोरं तोंडावर पडली. एका मुलाचा प्रोपेलर निखळला. साधी तार पुन्हा वाकवून बसवायची, बस्स. ते लेकरू तार हातात धरून प्रेक्षकांत बसलेल्या मिस्त्रींकडे बघत राहिलं. वेळ संपली तरी बघतच होतं. त्या मुलाने नंतर येणं सोडलं. घरी येताना मिस्त्री काय म्हणाले असतील? "मला आत जाऊ दिलं असतं तर लगेच झालं असतं." मी कपाळावर हात मारला.

आता आमच्या मुलीबद्दल. मुलगी डावरी आहे, म्हणून घरात तिला डावरीच म्हणतात. डाव्या हाताने जेवते, लिहिते, कात्री धरते. उजव्या हाताच्या माणसाला ते बघताना कायम वाटत राहतं की आता सांडेल, आता कापेल. मिस्त्रींना तर फारच. म्हणजे इतरांच्या हातातलं एकदा काढून घेतलं असेल तर तिच्या हातातलं दहादा. लहानपणी ती मुकाट्याने द्यायची. नंतर द्यायच्या आधी बापाकडे एक नजर टाकायला लागली. ती नजर मला ओळखीची होती. माझीच होती.

विमानाचं वेड तिला बापापेक्षा जास्त. पण पीळ भरायची वेळ आली की गडबड. पीळ भरायला एक छोटं यंत्र असतं, हँडलवालं. एका हातात यंत्र धरायचं, दुसऱ्या हाताने हँडल फिरवायचं. हिने डाव्या हाताने हँडल आपल्या सवयीने फिरवलं की पीळ भरायचा उलटा. उलटा पीळ म्हणजे प्रोपेलर उलटा फिरणार. पहिल्यांदा झालं तेव्हा विमान सोडल्याबरोबर मागे मागे सरकत जमिनीवर बसलं आणि पोरं हसून लोळली. उजव्या हाताने फिरवायला गेली तर रबर किती ताणलंय ते तिला हाताला कळेना, तटातट तुटायचं. मग काय, मिस्त्री होतेच. तिच्यासाठी पीळ कायम तेच भरायचे. पण स्पर्धेत पीळ ज्याचा त्याने भरायचा असतो.

या वर्षी ज्युनिअर संघ निवडायचा होता. तिघांना घेणार, बाहेर मोठ्या स्पर्धेला पाठवणार. पोरीने ते मनावर घेतलं. एक दिवस खोलीचं दार लावलं आणि आतून खुर्ची टेकवली. जेवायलाही हाक मारल्याशिवाय येईना. मी आत गेले तर मला शपथ घातली.

"आई, बाबांना सांगायचं नाही."

"काय सांगायचं नाही?"

"मी डावरी आहे ना. मग विमानच डावरं करतेय."

मग तिने मला समजावलं, मला कळेल असं. नेहमीच्या विमानात प्रोपेलर ज्या बाजूने फिरतो त्यामुळे विमान डावीकडे कलायला बघतं. म्हणून डावा पंख उजव्यापेक्षा अर्धं बोट लांब ठेवतात, तोल सांभाळायला, आणि विमान डावीकडे गोल फिरतं. मिस्त्रींनी हे पोरांना इतक्यांदा सांगितलंय की मलाही पाठ आहे, "डावा लांब, डावा लांब." हिने सगळंच आरशात बघून केल्यासारखं केलं होतं. प्रोपेलर उलट्या वळणाचा, उजवा पंख लांब, विमान फिरणार उजवीकडे. तिने तिच्या सवयीने पीळ भरला की सगळं जागेवर.

"मी उजवी व्हायची नाही," म्हणाली. "विमान होईल डावरं."

काय सांगू, मला त्या पोरीला कडकडून मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, टेबलावर ओला गोंद होता. म्हटलं, "बाबांना सांग की, त्यांना आवडेल." तर तिने फक्त बघितलं माझ्याकडे. सांगितलं असतं तर विमान दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर असतं, हे मलाही ठाऊक होतं. मिस्त्री ड्युटीवर असायचे तेव्हा मायलेकी हॉलच्या वॉचमनच्या हातापाया पडून तिथे जायचो. ते विमान उजवीकडे वळत वर जाताना मी पाहिलंय. बघताना खोकलाही आला नाही.

स्पर्धेचा दिवस आला. हॉल तोच. पंचबाई बाहेरच्या, कडक, पण बोलायच्या इतकं हळू की ऐकायला वाकावं लागायचं. नियम सोपा होता. प्रत्येकाची दोन उड्डाणं, दोन्हींच्या वेळेची बेरीज, पहिले तीन संघात.

पोरगी पीळ भरायच्या टेबलावर रबराला तेल लावत बसली होती. विमान तिच्या डब्यात, आमच्या खुर्च्यांपाशी. पंख बसवलेला, प्रोपेलर मात्र वेगळ्या डबीत, तो ऐनवेळी लावतात. मी पाण्याची बाटली भरायला गेले. नळाला रांग होती. मी परत आले, तर तिचा नंबर पुकारलेला, ती विमान घेऊन मध्यभागी चाललेली, पीळ भरलेलं रबर आणि प्रोपेलर घाईत अडकवतेय. मिस्त्री खुर्चीत हाताची घडी घालून बसलेले, चेहऱ्यावर असं समाधान की जणू मुलीचं लग्न ठरलंय.

दारं लागली. सगळे चिडीचूप. तिने विमान उचललं. आणि मिस्त्री माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "वाचली पोरगी. पंख उलटा बसवला होता वेडीने, उजवा लांब! मी काढून सरळ केला. तिला बोलू नकोस, बिचारीला ऐनवेळी वाईट वाटेल."

माझं तोंड उघडलं. अख्ख्या बसच्या मागच्या दारापर्यंत जाणारा आवाज माझा, पण तो यायच्या आत विमान तिच्या हातून सुटलं होतं.

वर गेलंच नाही ते. सुटलं तसं उजवीकडे कललं, आणखी कललं आणि गिरकी घेत खाली येऊन खुर्च्यांच्या रांगेवर आपटलं. एक बारीकसा कट्ट आवाज झाला. हॉलमध्ये सगळ्यांनी एकदम सुस्कारा टाकला. कुणीतरी मागून म्हणालं, "अरेरे."

पोरगी रडली नाही. गुडघ्यावर बसली, विमान उचललं, पंखाकडे बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघे धावत गेलो.

"पंख कुणी फिरवला?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा.

"मी," मिस्त्री म्हणाले. "उलटा लागला होता, बाळा. पण हे असं कसं झालं? पीळ नीट भरलास ना?"

तिने प्रोपेलर त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "हा बघितलात?"

मिस्त्रींनी बघितलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही, शेवटी हाडाचे कारागीर. पंखाची पुढची काडी मोडली होती, तिचं टोक प्लास्टिकमधून बाहेर आलं होतं. आणि मग, ऐका हं, मग या माणसाने काय करावं? माफी मागावी? गप्प बसावं? छे! हात पुढे केला.

"दे इकडे. लगेच जोडून देतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण माझ्याआधी पंचबाई आल्या. त्या म्हणाल्या, "आधी काय झालं ते मी पाहिलेलं नाही. पण आता पाहतेय. आता हिच्याशिवाय कुणाचा हात लागला तर मॉडेल बाद." पोरीने मान हलवली. दुसऱ्या उड्डाणाआधी तिला थोडा वेळ मिळणार होता. मिस्त्री तिथून हलेनात. "गोंद जास्त लावू नकोस," सांगतायत. "आधी काडीचा तुकडा तासून घे, बाजूने लाव, तो कटर असा नको धरूस..." आणि हात? हात पंखापासून वीतभर अंतरावर.

मी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना दाराबाहेर काढलं. ओढतच नेलं. लोक बघत होते, बघू देत. रोज गर्दीतून धडधाकट माणसं खाली उतरवते मी, हा एक नवरा काय! दार ओढून घेतलं आणि दारासमोर खुर्ची टाकून बसले.

"आत जाऊ दे," म्हणाले. "ती घाई करेल. घाईत तिचा हात..."

"तिच्या हाताबद्दल एक शब्द बोलू नका."

"अगं, मी तिच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठी!" मी ओरडले. मग आत विमानं उडतायत हे आठवून आवाज दाबला, आणि दाबल्यामुळे तो आणखीच कडू निघाला. "तुझं ते भलं जळो! कुणी मागितलं होतं?"

लग्नानंतर मी त्यांना कधी अरे-तुरे केलेलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. त्या दिवशी तोंडातून गेलं ते गेलंच, मागे घेतलं नाही. मिस्त्री भिंतीला टेकून उभे राहिले.

"माझी आई शेवटची आजारी होती," मी म्हटलं. "आठवतं? दिवसभर काही घेत नव्हती. संध्याकाळी माझ्या हातून भाताची पेज घ्यायला लागली. चमच्याचमच्याने. हनुवटीवर थोडी सांडत होती. तू आलास आणि म्हणालास, सांडतंय, दे इकडे. चमचा काढून घेतलास माझ्या हातातून. नीट भरवलीस. एक थेंब सांडला नाही. माझ्या आईने शेवटचा घास तुझ्या हातून खाल्ला, माझ्या हातून नाही. मी शेजारी रिकाम्या हाताने बसले होते. तेव्हा बोलले नाही, कारण सगळे म्हणत होते, जावई असावा तर असा."

मी कधी सांगितलंच नव्हतं त्यांना. त्यांना वाटत होतं ते त्यांनी केलेलं सर्वांत चांगलं काम होतं. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली.

आतून तिचा नंबर पुकारलेला ऐकू आला. मग हँडलची करकर. मिस्त्रींनी कान दाराला लावला. करकर थांबेचना. "बास," ते पुटपुटले. "बास गं, तुटेल. बास." करकर हळू झाली, अगदी हळू, एकेक वेढा, आणि थांबली. रबर तुटलं नव्हतं. डाव्या हाताला कळत होतं सगळं.

मग शांतता झाली.

विमान पडलं की लोक सुस्कारा टाकतात, तो बाहेर ऐकू येतो. आम्ही त्याचीच वाट बघत होतो. सुस्कारा येईना. कुणी खोकेना, खुर्ची सरकेना. मिस्त्री माझ्याकडे बघत होते, मी दाराकडे. किती वेळ गेला कोण जाणे. नेहमी ज्या वेळेला यांची विमानं खाली यायची तो वेळ उलटून गेला असावा, कारण मिस्त्रींचा चेहरा बदलला. डोळे मोठे झाले. "अजून वर आहे," म्हणाले. "अगं, अजून वर आहे ते!"

आणि त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला.

नुसतं बघायचं होतं त्यांना. एवढीशी फट करून. इतकी वर्षं मुलांना बोंबलून सांगितलेलं, की दार उघडलं की संपलं. आणि हात कडीवर. मी अडवलं नाही. खुर्चीतून उठले आणि बाजूला झाले.

"उघड," मी म्हटलं. "उघड आणि पाड खाली."

त्यांचा हात कडीवरच होता. मी खोटं सांगत नाही, मला खरंच वाटलं उघडणार. मग त्यांनी तो हात दुसऱ्या हाताने धरून कडीवरून काढला, जमिनीवर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. डोकं भिंतीला टेकवून डोळे मिटले. आत शांतता तशीच होती.

टाळ्या झाल्या तेव्हा त्या थांबेनात. दार आतून उघडलं आणि लोक बाहेर यायला लागले. एक जण दुसऱ्याला सांगत होता, "छताला शिवून आलं रे, आणि उलटं फिरत होतं, उजवीकडे!" आम्ही आत गेलो. दिवसभरातलं सर्वांत लांब उड्डाण आमच्या पोरीचं, असं पंचबाईंनी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, म्हणजे त्यांच्या मानाने मोठ्याने. मग त्यांनी बेरजा वाचल्या. पहिल्या उड्डाणात पोरीच्या पदरात काहीच पडलं नव्हतं. ती चौथी आली. तिघे संघात गेले.

मिस्त्री ताडकन पंचांच्या टेबलाकडे निघाले. "मी सांगतो त्यांना. चूक माझी आहे, तिची नाही. मी सगळं..."

"बाबा," पोरगी म्हणाली. "तेसुद्धा नको. माझं मी बोलेन."

ती गेली आणि बोलली. पंचबाई वाकून ऐकत होत्या. निकाल बदलणार नव्हता, तिलाही ते ठाऊक होतं. परत आली, विमान डब्यात ठेवलं, झाकण लावलं. मिस्त्री समोर उभे होते, हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं. हॉल रिकामा होत होता. कुणीतरी छतावरचे पंखे सुरू केले.

"कसं उडालं गं?" त्यांनी विचारलं. "वर गेल्यावर डगमगलं का? मला बघायचं होतं. मला फार बघायचं होतं."

इतका वेळ जी रडली नव्हती तिला तेव्हा रडू फुटलं. डबा छातीशी धरून ती बापावर ओरडली, माझ्याच आवाजात, अख्खा हॉल मागे वळेल अशी.

"मग हात कशाला लावलात?"